धोकादायक वाहनचालनाचा गुन्हा दाखल झाल्यास काय करावे

द्वारका चौकात सिग्नल तोडणे, मुंबई नाक्याजवळ उलट दिशेने गाडी घालणे किंवा कॉलेज रोडवर हातात मोबाइल धरून वाहन चालवणे या गोष्टी नाशिककरांना किरकोळ वाटतात. परंतु असे वर्तन सावध चालकाला धोकादायक वाटेल असे असल्यास मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 184 नुसार ते धोकादायक वाहनचालन ठरते. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कारावास, किंवा 1,000 ते 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तीन वर्षांत पुन्हा तसेच घडल्यास कारावास दोन वर्षांपर्यंत, दंड 10,000 रुपये.

अपघात घडला असेल, तर सर्वप्रथम जखमीला रुग्णालयात पोहोचवावे. जमावाच्या रोषामुळे किंवा आपल्या हाताबाहेरच्या अन्य कारणाने ते अशक्य असल्यासच यातून सूट आहे; घटनास्थळी पोलीस नसतील तर जवळच्या पोलीस ठाण्यात शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा 24 तासांच्या आत कळवावे आणि विमा कंपनीला लेखी माहिती द्यावी, कारण कलम 134 ने ही कर्तव्ये चालकावरच टाकली आहेत. पळून जाणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे. त्याने जखमीचा जीव धोक्यात येतो. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

न्यायालयाचे समन्स आल्यास ते टाळू नये. परवाना, नोंदणी व विम्याची कागदपत्रे घेऊन वकिलाला भेटावे आणि घडलेले सर्व, आपली चूक धरून, त्यांना खरे सांगावे.