साठीनंतर भांग रुंदावू लागला तर

खिडकीच्या उजेडात, कोरड्या केसांचा मधोमध भांग पाडा आणि घरातल्या कुणाकडून तरी वरून फोटो काढून घ्या. तसाच भांग डोक्याच्या मागच्या बाजूला पाडून दुसरा फोटो काढा. वरची रेघ मागच्यापेक्षा ठळकपणे रुंद असेल, पण कपाळावरची केसांची कड जागच्या जागी असेल, तर हे बहुधा वयानुसार आणि पाळी गेल्यानंतरच्या बदलांमुळे येणारं विरळपण आहे. यात कंगव्यात फारसे केस येतीलच असं नाही. त्याच मुळातून दर वेळी आधीपेक्षा बारीक केस उगवतो आणि बघता बघता वेणीचं शेपूट होतं. आईकडून किंवा वडिलांकडून, कुणाकडूनही ही ठेवण येऊ शकते.

न्हाताना पुंजकेच्या पुंजके हातात येत असतील, तर गोष्ट वेगळी. अशा वेळी दोन-तीन महिने मागे जाऊन आठवा: डेंग्यू, टायफॉइड, एखादी शस्त्रक्रिया, झपाट्यानं उतरलेलं वजन, नवं सुरू झालेलं औषध? शरीराला बसलेला धक्का केसांत इतक्या उशिरा दिसतो, म्हणून बायका गेल्या आठवड्यात बदललेल्या शांपूला दोष देतात. कारण दूर झालं की हे गळणं साधारण सहा महिन्यांत आपसूक थांबतं. दिवसाला 50 ते 100 केस जाणं तर नेहमीचंच.

तेल बदलत बसण्याआधी रक्त तपासा. डॉक्टरांशी बोलून हिमोग्लोबिन, फेरिटिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-12 आणि डी जीवनसत्त्व पाहून घ्या. हिमोग्लोबिन बरं असूनही फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तळाला गेलेला असू शकतो. ताप असताना फेरिटिन खोटं जास्त दिसतं, तेव्हा बरं झाल्यावर तपासा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगून तपासणीच्या निदान दोन दिवस आधी बंद ठेवा. त्या गोळ्यांनी थायरॉइडचे आकडे चुकू शकतात. आणि पाळी गेल्यानंतर लोह कमी निघालं, तर नुसत्या गोळ्या घेऊन थांबू नका. मूळव्याध, गुडघ्यांसाठी रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी पोटात झालेला व्रण किंवा आतड्याचा आजार, यांतून रक्त जातंय का ते शोधायलाच हवं. जेवणाला लागूनच चहा घेतला तर अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही; तासभर जाऊ द्या आणि पानात लिंबाची फोड घ्या.

वयानुसार येणाऱ्या विरळपणावर लावण्याचं सगळ्यांत भरवशाचं औषध मिनॉक्सिडिल. 2 टक्क्यांचं द्रावण सकाळी 1 मिलि आणि रात्री 1 मिलि, असं बायकांना देतात. केस आणि टाळू दोन्ही कोरडे हवेत. विरळ भागात चार-पाच भांग पाडून थेंब कातडीवर सोडा, केसांवर नको, आणि बोटानं हलकेच पसरा. मग हात धुवा. झोपण्याआधी दोन तास तरी लावा, नाहीतर ते उशीला लागून गालावर, कपाळावर लव वाढते. घरात मांजर असेल तर फार जपा, हे औषध मांजरांना विषारी आहे. हृदयविकार किंवा कमी रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावूच नये.

बहुतेक जणी घाबरून सोडतात ते इथेच: पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत केस जास्त गळू शकतात. जुने केस जागा सोडतात म्हणून हे होतं. तेव्हा थांबू नका. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, कारण केस महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. औषध बंद केलं तर मिळवलेलं काही महिन्यांत जातं. दर तीन महिन्यांनी त्याच खिडकीपाशी फोटो काढा. रोज आरशात बघून काही कळत नाही.

खोबरेल तेलानं नवे केस उगवत नाहीत, पण आहेत ते कमी तुटतात. न्हाण्याआधी तासभर लावलं तरी पुरे. कोंडा असेल तर टाळूवर चोपडू नका. काळ्या मेंदीत बहुधा रासायनिक रंग असतो. खाज किंवा सूज आली तर ती कायमची बंद.

कपाळाची कड मागे सरकतेय, भुवयाही विरळ होतायत, टाळूची आग होतेय किंवा तिथली कातडी गुळगुळीत चकाकतेय, असं दिसलं तर त्वचारोगतज्ज्ञांकडे लगेच जा. अशी लक्षणं असलेल्या काही आजारांत केसांची मुळंच मरतात आणि गेलेली जागा परत भरत नाही. चाई पडली असेल तरी दाखवून घ्या.

आणि तो घट्ट अंबाडा सैल करा. विरळ केसांत आकडे खोचून गंगावन जोडलं की त्याचा सगळा भार उरलेल्या थोड्या केसांवर येतो. कार्यापुरतं लावा, घरी आल्यावर काढून ठेवा.