पुण्याहून काशीला स्लीपरने: निघण्यापूर्वीची तयारी

घरातील वडीलधाऱ्यांना काशीला न्यायचे ठरले की आधी भिंतीवरचे कॅलेंडर हातात घ्यावे, कारण स्लीपरच्या प्रवासात होणारे बहुतेक हाल हे तिकीट काढण्याच्या दिवशीच ठरून गेलेले असतात. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे आणि त्या ६० दिवसांत प्रवासाचा दिवस धरलेला नाही. पुण्याहून बनारसला थेट जाणारी ज्ञानगंगा एक्स्प्रेस आठवड्यातून एकदाच सुटते, त्यामुळे आरक्षण उघडण्याची एक सकाळ हुकली तर पुढचा आठवडाच हाती उरतो. परतीच्या तिकिटाचे आरक्षण नंतरच्या तारखेला उघडते हे विसरले जाते. म्हणून कॅलेंडरवर दोन सकाळींना खूण करावी, एक जाण्यासाठी आणि एक येण्यासाठी. ज्ञानगंगेत जागा मिळाली नाही तर रोज सुटणारी पुणे–दानापूर गाडी पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शनला, म्हणजे पूर्वीच्या मुगलसरायला, उतरवते आणि तेथून काशी रिक्षाने किंवा दुसऱ्या गाडीने जवळ आहे. दिवाळी ते छठ या दिवसांत मात्र त्या गाडीचा विचार वडीलधाऱ्यांसाठी करू नये. वर्षभर पुण्यात राबणारी माणसे तेव्हा सणाला घरी निघालेली असतात, त्या गाडीवर त्यांचा हक्क आहे, आणि आपली यात्रा महिनाभर पुढे ढकलता येते.

आरक्षण सकाळी आठला उघडते, परंतु त्याची तयारी आदल्या रात्री पूर्ण झालेली असावी. आरक्षण उघडते त्या वेळेत आयआरसीटीसी या रेल्वेच्या संकेतस्थळावरील आधार-पडताळणी झालेल्या खात्यांनाच ऑनलाइन तिकीट काढता येते, तेव्हा ही पडताळणी आठवडाभर आधीच उरकून घ्यावी. सर्व प्रवाशांची नावे व वये ओळखपत्राप्रमाणे खात्यातील मास्टर लिस्टमध्ये भरून ठेवावीत, म्हणजे ऐन वेळी काकूंचे वय फोनवर विचारण्यात मिनिटे जात नाहीत. एका तिकिटावर सहा प्रवासी बसतात.

तारखेबद्दल थोडे अधिक सांगणे भाग आहे, कारण ही चूक आमच्या घरात झाली आहे. मुंबईहून रात्री निघणारी एखादी गाडी पुण्यात बारानंतर येते तेव्हा तिकिटावरची तारीख आपण पुण्यात चढतो त्या दिवसाची असते. आम्ही ‘शनिवारी रात्री निघायचे’ असे डोक्यात धरून शनिवारचीच तारीख टाकली, शनिवारी रात्री अकराला सामान घेऊन फलाटावर पोहोचलो आणि येणाऱ्या गाडीत आमच्या बर्थवर दुसरी माणसे झोपायची होती, कारण आमची गाडी आदल्या मध्यरात्रीच येऊन गेली होती. तेव्हापासून तिकीट हाती आल्यावर तारीख, वार आणि वेळ हे तिन्ही मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने ऐकायचे, असा आमचा नियम आहे. अशा गाडीचे तत्काळ आरक्षणही गाडीच्या मूळ स्थानकावरील तारखेच्या हिशेबाने उघडते, हेही लक्षात ठेवावे.

बर्थचा प्रश्न सर्वांत जास्त वेळ देण्यासारखा आहे. साठी ओलांडलेले पुरुष आणि ४५ वर्षे पूर्ण झालेल्या महिला यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे, पण तो एकट्याने किंवा दोघांनी प्रवास करताना, आणि दोघेही त्या वयात बसत असतील तरच लागू होतो. आई-बाबांचे तिकीट मुला-नातवंडांसह एकत्र काढले की हा कोटा हातचा जातो. म्हणून त्या दोघांचे तिकीट त्या कोट्यातून वेगळे काढावे आणि बाकीच्यांचे वेगळे, असे माझे स्पष्ट मत आहे. डबे निराळे आले तरी चालतील. रात्री दुखऱ्या गुडघ्यांनी मधल्या बर्थवर चढावे लागणे त्याहून वाईट. एकत्रच काढायचे असेल तर ‘किमान एक खालचा बर्थ मिळाला तरच तिकीट द्यावे’ हा पर्याय निवडावा. बर्थ क्रमांक कळला की त्याला आठने भागावे: बाकी एक किंवा चार आली तर खालचा, दोन किंवा पाच आली तर मधला, तीन किंवा सहा आली तर वरचा, सात आली तर साइड लोअर आणि पूर्ण भाग गेला तर साइड अप्पर. अगदी पहिले आणि अगदी शेवटचे क्रमांक दारा-शौचालयाजवळ येतात, तेथे रात्रभर दार वाजत राहते.

वेटिंगचे तिकीट घेताना फक्त आकडा पाहू नये, त्यापुढची अक्षरेही पाहावीत. गाडी जेथून सुटते तेथून मिळणारे जीएनडब्ल्यूएल, म्हणजे सर्वसाधारण वेटिंग, लवकर पुढे सरकते. मुगलसरायसारख्या मधल्या स्थानकावरून परत येताना बहुधा आरएलडब्ल्यूएल (मधल्या स्थानकाचे वेटिंग) किंवा पीक्यूडब्ल्यूएल (अनेक लहान स्थानकांचे सामाईक वेटिंग) मिळते आणि ते फार हळू सरकते. ऑनलाइन काढलेले तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगवर राहिले तर आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. खिडकीवरचे तिकीट मात्र स्वतः रद्द करून घ्यावे लागते, आणि ते हाती धरून स्लीपरच्या डब्यात शिरता येत नाही. आरएसी म्हणजे साइड लोअर बर्थवर दोघांनी बसणे. तरुण माणसाला एक रात्र निभावून नेता येते, सत्तरीच्या माणसाला नाही. तत्काळवरही वडीलधाऱ्यांची यात्रा सोपवू नये: स्लीपरचे तत्काळ आदल्या दिवशी अकराला उघडते, एका तिकिटावर चारच प्रवासी घेते आणि कन्फर्म झालेले तिकीट रद्द केल्यास परतावा देत नाही.

सामान स्लीपरमध्ये माणशी ४० किलोपर्यंत विनामूल्य नेता येते, परंतु खरे मोजमाप बर्थखालच्या जागेचे आहे. टणक मोठ्या बॅगेपेक्षा मऊ कापडी पिशव्या तेथे नीट सरकतात. बर्थखाली लोखंडी कड्या असतात, त्यांतून साखळी घालून कुलूप लावावे आणि किल्ली गळ्यात ठेवावी. स्लीपरमध्ये अंथरूण-पांघरूण मिळत नाही. थंडीच्या दिवसांत पहाटे खिडकीच्या फटीतून जो वारा येतो तो नुसत्या चादरीला जुमानत नाही. शाल आणि कानटोपी वरच्याच पिशवीत असावी, आणि एक जुने वर्तमानपत्र, घडी करून फटीत दाबायला. औषधे दोन ठिकाणी विभागून ठेवावीत व रात्रीची गोळी उशाशी असावी. मोबाइलसाठी पॉवर बँक हवीच, कारण डब्यातील प्लगला रांग लागते.

डबा बांधताना दिवसांचा हिशेब करावा. पहिल्या रात्री पोळी आणि सुकी बटाट्याची भाजी. दुसऱ्या दिवशी दशम्या, कारण दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी मऊ राहते, तिच्याबरोबर तिळाची किंवा शेंगदाण्याची चटणी. आणि त्यापुढे चिवडा, लाडू, गूळ. दही, ओली चटणी, नारळ घातलेले काहीही नेऊ नये. पाणी दिसेल त्या मोठ्या स्थानकावर भरून घ्यावे, बाटली रिकामी होण्याची वाट पाहू नये.

निघण्याच्या दिवशी तासभर आधी पुणे स्टेशनला पोहोचावे. मेट्रोने आल्यास रस्त्यावरच्या कोंडीचा घोर राहत नाही. आपला डबा फलाटावर कोठे येणार हे इंडिकेटरवर पाहून वडीलधाऱ्यांना त्याच खांबाजवळ बसवावे. गाडी लागल्यावर त्यांना गर्दीतून पाच डबे चालवू नये. ओळखपत्र मूळ असावे. मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा एवढ्याच वेळात उघडण्याचा नियम आहे, हे सहप्रवाशांशी सुरुवातीलाच गोडीने बोलून घ्यावे. तो उघडताना दोन्ही साखळ्यांच्या कड्या हुकात नीट बसल्या का हे बोटाने चाचपून पाहावे आणि मगच खाली आईला आडवे होऊ द्यावे. आपल्या बर्थवर कोणी बसून राहिले, कोणाची प्रकृती बिघडली किंवा डब्यात पाणी नसले तर वाद न घालता टीटीईला सांगावे, नाहीतर १३९ वर फोन करावा.

काशीत मुक्काम ठरवताना यजमानांना किंवा धर्मशाळेला स्थानकाचे नाव नेमके कळवावे. ज्ञानगंगा बनारस स्थानकात जाते, ज्याचे नाव २०२१ पर्यंत मंडुआडीह होते. वाराणसी जंक्शन हे निराळे स्थानक आहे, आणि घ्यायला येणारा माणूस तेथे उभा राहिला तर आपल्याला थंडीत थांबावे लागते. गाडीला उशीर होऊ शकतो, म्हणून पोहोचण्याच्याच दिवशी गंगास्नान किंवा श्राद्धविधी ठेवू नये. उतरण्याच्या अर्धा तास आधी चष्मा, कवळी, औषधांची पिशवी आणि बर्थखाली आत सरकलेल्या चपला या चार वस्तू टॉर्च लावून शोधून घ्याव्यात.