पदभार यादीवर ‘मम’ म्हणू नका

महसूल सहायक म्हणून तहसीलला नवीन लागलेल्या पोरापोरींसाठी हे लिहितेय. आमच्या वेळी याच टेबलाला कारकून म्हणत.

रुजू अहवाल दोन प्रतींत द्या. मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर तेही लिहा, पोच घ्या आणि ती घरी ठेवा. पहिल्या पगाराच्या भरवशावर खोलीचं डिपॉझिट ठरवू नका. ‘सेवार्थ’मध्ये, म्हणजे पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत नाव चढेपर्यंत, पेन्शन खात्याचा प्राण क्रमांक निघेपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात. मग सगळा एकदम येतो, पण तोवर घरूनच पैसे मागवावे लागतात.

खरी गोम पदभारात, म्हणजे आधीच्या माणसाकडून टेबल ताब्यात घेण्यात आहे. मी लागले तेव्हा माझ्या आधीचे कारकून बदलीच्या घाईत होते, टेम्पो दारात उभा. यादीत 214 संचिका, म्हणजे फायली. मी मम म्हणून सही ठोकली. चार महिन्यांनी अपिलात एक संचिका मागवली, ती सापडेना. कारणे दाखवा नोटीस माझ्या नावावर! शेवटी शिपाईमामांनी अभिलेख कक्षातला एक रुमाल, म्हणजे जुन्या संचिकांचं कापडी गाठोडं सोडलं. पावसाळ्यात ओल धरून ती संचिका दुसरीच्या पाठीला चिकटली होती. तेव्हा एकेक संचिका हातात घ्या, यादीवर टिकमार्क करा. नसेल तिथे ‘आढळून आली नाही’ लिहा आणि मगच सही. समोरचा तोंड वाकडं करेल, करू द्या.

मग टेबलावर सहा गठ्ठे लावा: चालू प्रकरणं, प्रतीक्षाधीन (उत्तराची वाट पाहणारी), नियतकालिकं (ठरावीक मुदतीने पाठवायचे अहवाल), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची. नव्या माणसाला कपाट आवरायची भारी हौस, म्हणून सहाव्या गठ्ठ्याला सगळ्यात शेवटी हात लावा. ‘अ’ वर्गाचा कागद कायम ठेवायचा, ‘ब’ 30 वर्षं, ‘क’ 10, ‘क-1’ 5 आणि ‘ड’ एक वर्ष. वर्ग आपल्या मनाने ठरवायचा नाही, जुन्या माणसाला विचारायचं.

संचिकेत साहेबांसाठी लिहायच्या टिपणीचं म्हणाल तर साहेबांना जिन्यात सांगितलेलं साहेबांच्या लक्षात राहत नाही. पृष्ठ क्रमांक घालून लिहा, दोन परिच्छेदांत आटपा.

पाच दिवसांचा आठवडा 2020 मध्ये आला, तेव्हापासून वेळ पावणेदहा ते सव्वासहा. दहा मिनिटं आधी या. टपाल फोडताना आवक लिपिकाजवळ बसलात तर कुठला कागद कुठल्या टेबलाला जातो ते आठवड्यात कळतं. चहाचे पैसे मागायच्या आधी द्या. कुठली किल्ली कुठल्या कपाटाची, हे मामांनाच ठाऊक असतं, म्हणून त्यांच्याशी नीट वागा.

आणि खिडकीशी आलेल्या म्हाताऱ्याला नुसतं ‘उद्या या’ म्हणू नका. त्याच्या गावाला दिवसातून दोनच एस.टी. असतात. कुठला कागद कमी आहे ते चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून द्या, घरी नातवंडं वाचून दाखवतात.