ग्रिनिचला जाताय? आधी एक वाजताचं ठरवा

लंडनची ग्रिनिच वेधशाळा एका दिवसात बघायची तर पिशवी भरण्याआधी वेळ ठरवा. तिथल्या फ्लॅमस्टीड हाउस या जुन्या इमारतीच्या छपरावर १८३३ साली बसवलेला लाल गोळा दुपारी बरोबर एकला खाली पडतो. टेम्सवरच्या जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून केलेली ही सोय. १२:५५ला तो अर्ध्यावर चढतो, १२:५८ला टोकाला पोचतो. म्हणजे पावणेएकला जागा धरायची. हवामान बघताना पावसासोबत वाऱ्याचाही अंदाज बघा, फार सुटला तर गोळा चढवत नाहीत.

तिकीट फक्त वेधशाळेला, पार्क फुकट. कामासाठी काही दालनं बंद असतात, म्हणून समुद्रात रेखांश काढण्यासाठी जॉन हॅरिसननं बनवलेली घड्याळं आणि २८ इंची दुर्बीण त्या दिवशी बघायला मिळणार का, ते संकेतस्थळावर पाहूनच पैसे भरा. घड्याळं नसतील तर मी तरी दिवस बदलेन.

बूट चालायचे हवेत. डीएलआर या हलक्या रेल्वेच्या कटी सार्क स्टेशनवरून आलात तर शेवटचा चढ दम काढतो. सोबत आईवडील असतील तर ब्लॅकहीथच्या बाजूने या. चालणं जास्त, पण चढ सौम्य. पाण्याची बाटली, एखादं जॅकेट आणि गवतावर अंथरायला चादर घ्या. जेवण टेकडीवरच्या जनरल वुल्फच्या पुतळ्यापाशी, समोर नदी नि कॅनरी वॉर्फचे मनोरे.

मुलांना घरूनच एक हिशोब शिकवून न्या: रेखांशाच्या १५ अंशांना एक तास, आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्वेची, म्हणून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. मग फाटकाशेजारच्या भिंतीतलं शेफर्डचं घड्याळ दाखवा. १८५२चं, २४ तासांच्या तबकडीचं. त्यात बारा तळाशी असतात, आणि उन्हाळ्यात ब्रिटनमधली घड्याळं तासभर पुढे करतात तेव्हाही ते ग्रिनिच वेळच दाखवतं. त्यामुळे जुलैत गोळा पडतो तेव्हा तासकाटा सरळ खाली, बारावर! घड्याळ बिघडलंय असं वाटून गोंधळू नका. हे बघायला तिकीट लागत नाही.

फोन मात्र पूर्ण चार्ज हवा. अंगणात शून्य रेखांश दाखवणारी पट्टी आहे, तिच्यावर एक पाय पूर्वेला, एक पश्चिमेला ठेवून सगळेच फोटो काढतात. तिथे जीपीएस उघडा, शून्य येणार नाही. १८८४च्या वॉशिंग्टन परिषदेत मान्य झालेलं मूळ (शून्य) रेखावृत्त खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरींच्या इथल्या दुर्बिणीवरून ठरलेलं, आणि तिची उभी दिशा तिथल्या स्थानिक गुरुत्वाकर्षणावर बेतलेली. उपग्रह पृथ्वीच्या केंद्रापासून मोजतात. त्यांचं शून्य १०२ मीटर पूर्वेला, पार्कात सापडतं. ते शोधायला अर्धा तास राखून ठेवा. तिथे पट्टी नाही, त्यामुळे फोटोसाठी रांगही नाही.