तपासणीच्या वेळी सोबत कोण उभे आहे : नव्या इंटर्न आणि आरएमओ डॉक्टरांसाठी

मिरजेत किंवा सांगलीत इंटर्नशिप सुरू करणाऱ्या, किंवा ती संपवून एखाद्या खासगी रुग्णालयात आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) म्हणून रुजू होणाऱ्या डॉक्टरांसाठी हे लिहीत आहे. पुरुष डॉक्टरने स्त्री रुग्णाची तपासणी करताना शॅपरोन म्हणून दुसरी स्त्री हजर असावी, हे तुम्हाला ठाऊक आहेच. न्यायवैद्यकशास्त्राच्या तोंडी परीक्षेत हे उत्तर आपण सर्वांनी न अडखळता दिलेले असते. परंतु मध्यरात्र उलटून गेलेली आहे, कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, एकच सिस्टर आहे आणि ती पलीकडच्या खाटेवर शीर शोधत आहे, समोर छातीत धडधडते म्हणून आलेली पंचविशीतली सून आहे आणि तिची सासू म्हणते आहे, "मी हाय की हितं, तपासा तुम्ही," अशा वेळी काय करायचे, हे त्या परीक्षेत कोणीही विचारत नाही.

माझ्या मते नव्या डॉक्टराला गाठणारा सर्वांत मोठा सापळा हाच आहे. खोलीत एक स्त्री हजर आहे, ती रुग्णाच्या घरचीच आहे आणि तिची तपासणीला संमतीही आहे, तेव्हा नियम पाळला गेला असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात नियमाचा एकही हेतू त्यातून साधत नाही. मीही यात सापडलो होतो आणि त्या आठवणीने आजही हात आखडतो, म्हणून हा भाग जरा लांबवतो. ज्यांना हे आधीच उमगले आहे त्यांनी पुढे जावे.

प्रसंग एका खासगी रुग्णालयातला आहे. तक्रार धडधडीची होती, म्हणून ईसीजी काढणे आले. व्ही-४ ते व्ही-६ हे ईसीजीचे इलेक्ट्रोड डाव्या स्तनाच्या खालच्या कडेने बगलेकडे लावावे लागतात, त्यामुळे कपडे बाजूला करणे आणि स्तन उचलून धरणे हा तपासणीचाच भाग असतो. हृदयाच्या झडपेचा आवाज ऐकायचा तर रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून स्टेथोस्कोप हृदयाच्या टोकाशी ठेवावा लागतो. आपल्याला ही पाठ्यपुस्तकातली साधी पायरी वाटते. परंतु ज्याला ती ठाऊक नाही त्याला एवढेच दिसते की डॉक्टरने बाईला कुशीवर वळवले आणि हात छातीखाली नेला. सासूबाई खोलीतच होत्या. काही दिवसांनी नवरा गावातली चार जाणती माणसे घेऊन या तपासणीचा जाब विचारायला आला, तेव्हा त्या म्हणाल्या, "मी तिकडं तोंड करून उभी हुते." त्यांनी खोटे सांगितले नव्हते. सून उघडी असताना तिच्याकडे बघू नये, या रीतीने त्यांनी खरोखरच तोंड फिरवले होते. केसपेपरवर माझ्या अक्षरात 'नातेवाईकांसमोर तपासणी केली' एवढेच होते. कोणते नातेवाईक, किती वेळ, काहीही नाही. वरिष्ठ फिजिशियन मध्ये पडले, तपासणी का आणि कशी करतात हे त्यांनी शांतपणे समजावले आणि प्रकरण मिटले. परंतु त्या सगळ्या बैठकीत त्या मुलीला कोणीही काहीही विचारले नाही, आणि ते मला अधिक लागले.

सापळ्याची दुसरी बाजू मला त्यानंतर कळली. छातीचा एक्स-रे काढायला पाठवण्यापूर्वी पाळीची तारीख विचारतात, तशी मी विचारली होती आणि सुनेने तोंड उघडण्यापूर्वीच सासूने तारीख सांगून टाकली होती. पाळी चुकल्याचे त्या मुलीने नंतर सिस्टरच्या कानात सांगितले. म्हणजे ज्या व्यक्तीला मी रुग्णाचे संरक्षण म्हणून उभे केले होते, तिच्यामुळेच रुग्णाला बोलता आले नव्हते. पाळी, गर्भपात, नवऱ्याची मारहाण, फसलेला विषप्राशनाचा प्रयत्न यांतले काहीही नातेवाईकांसमोर बाहेर येत नाही, आणि नेमके तेच आपल्याला निदानासाठी हवे असते.

नातेवाईक सोबत असू नयेत, असे मी म्हणत नाही. रुग्णाला आई किंवा बहीण जवळ हवी असेल तर ती जरूर असावी. परंतु ती धीर देण्यासाठी, शॅपरोन म्हणून नव्हे. शॅपरोनला तपासणी कशी असते हे माहीत असावे लागते, कारण डॉक्टर चुकत असेल तर ते तिला कळले पाहिजे. तिने सुरुवातीपासून शेवटपर्यंत थांबावे लागते आणि बघावे लागते. शिवाय तिला ना रुग्णाच्या घराचे काही सांभाळायचे असावे, ना डॉक्टरचे. ब्रिटनमध्ये स्त्री रुग्णांशी लैंगिक गैरवर्तन केल्याबद्दल शिक्षा झालेल्या क्लिफर्ड आयलिंग या डॉक्टरच्या प्रकरणाचा चौकशी अहवाल २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. हे काम प्रशिक्षित व्यक्तीचे आहे आणि नातलगांकडून किंवा मित्रमैत्रिणींकडून त्याची अपेक्षा ठेवू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिल या डॉक्टरांच्या नियामक संस्थेच्या मार्गदर्शनातही नातेवाईकाला निःपक्ष साक्षीदार मानलेले नाही. ब्रिटनचे दवाखाने आणि जत तालुक्यातले ग्रामीण रुग्णालय यांत अंतर आहे, हे मान्य. परंतु सासू तटस्थ नसते, हे जतमध्ये जास्तच खरे आहे.

आपल्याकडचे नियम थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेत पुरुष डॉक्टर तपासत असताना दुसरी स्त्री हजर असण्याचा हक्क स्त्री रुग्णाला दिलेला आहे आणि तशी स्त्री उपलब्ध करून देणे हे रुग्णालयाच्या व्यवस्थापनाचे कर्तव्य म्हटले आहे. हे वाक्य नवख्या डॉक्टराने मनाशी धरून ठेवावे. सिस्टरला बोलावताना आपण कोणावर उपकार मागत नसतो आणि कामचुकारपणाही करत नसतो. माणूस देणे व्यवस्थापनाचे काम आहे आणि मागणे तुमचे. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांची गोष्ट वेगळी आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या (लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याच्या) कलम २७ नुसार मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरनेच करायची असते आणि ती पालकांच्या किंवा मुलीचा ज्या व्यक्तीवर विश्वास आहे तिच्या उपस्थितीत व्हावी लागते. तशी व्यक्ती नसेल तर रुग्णालयाच्या प्रमुखाने नेमलेली स्त्री हजर असते. अशा प्रकरणात पुरुष इंटर्नने उत्साह दाखवू नये, थेट वरिष्ठांना फोन करावा.

आता आडवाटांविषयी. काही ठिकाणी 'स्त्री परिचारिकेच्या उपस्थितीत तपासणी' असा रबरी शिक्का करून ठेवलेला असतो आणि तो सकाळीच केसपेपरच्या गठ्ठ्यावर उमटवला जातो. मला या शिक्क्याचा मनापासून तिटकारा आहे. ज्या तपासणीला कोणीही हजर नव्हते तिच्यावरही तो असतो, त्यामुळे जिथे सिस्टर खरोखर हजर होत्या तिथलीही नोंद संशयास्पद ठरते; वकिलाने एका दिवसाचे कागद शेजारी शेजारी मांडले की शिक्क्याची किंमत संपते. दुसरी आडवाट दार अर्धवट उघडे ठेवण्याची. त्यात रुग्णाची लाज जाते आणि साक्षीदार मात्र मिळत नाही. तिसरी, तपासणीच्या खोलीत कॅमेरा बसवण्याची सूचना, जी मी चांगल्या चांगल्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकली आहे. उघड्या अंगाचे चित्रीकरण साठवून ठेवणे म्हणजे एका संकटातून निसटण्यासाठी त्याहून मोठे संकट घरात आणणे होय. आणि वॉर्डात राउंडच्या वेळी खाटेभोवती उभे असलेले दहा विद्यार्थी हे दहा साक्षीदार नसतात. रुग्णाच्या दृष्टीने ती दहा परकी माणसे असतात.

वरिष्ठांबद्दल थोडे स्पष्ट बोलतो. "एवढे कशाला घाबरतोस, पाच मिनिटांचे काम आहे, उरकून टाक," असे सांगणारे सीनियर भेटतील आणि ते वाईट माणसे नसतील. त्यांच्यावर अद्याप वेळ आलेली नसते, इतकेच. मला हे काम कोणत्याही प्राध्यापकाने शिकवले नाही. ते एका इन्चार्ज सिस्टरांनी शिकवले, आणि त्यांनी ते करून दाखवले. त्या खाटेच्या डोक्याकडे, माझ्या समोरच्या बाजूला उभ्या राहत, जेणेकरून रुग्णाचा चेहरा आणि डॉक्टरचे दोन्ही हात त्यांना एकाच वेळी दिसतील. पडदा आमच्या तिघांभोवती ओढलेला असे. पडद्याबाहेर उभी राहून फोन बघणारी परिचारिका त्यांच्या लेखी हजरच नव्हती. त्यांच्या एका हातात चादर असे आणि जेवढा भाग तपासायचा तेवढाच उघडा राहील अशी ती त्या सरकवत नेत. रुग्णाने भुवई आक्रसली की त्या मला "डॉक्टर, थांबा जरा" म्हणत, आणि मी थांबत असे. सुरुवातीला ते मला अपमानकारक वाटे; आता तसे म्हणणारी सिस्टर मिळाली तर मी स्वतःला नशीबवान समजतो.

केवळ स्तन, योनी किंवा गुदद्वाराची तपासणी हीच नाजूक असते, असे समजू नका. थायरॉइड तपासताना आपण रुग्णाच्या पाठीमागे उभे राहून दोन्ही हात गळ्यावर ठेवतो. डोळ्याचा पडदा बघताना अंधाऱ्या खोलीत आपला चेहरा तिच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ जातो. जांघेतली नाडी आणि हर्निया यांविषयी तर सांगायलाच नको. अशा प्रत्येक वेळी आधी दोन वाक्यांत काय करणार आहात आणि का ते सांगा, मग सिस्टरांना बोलावू का असे विचारा. इथेही एक बारकावा आहे. तालुक्याच्या गावात रुग्णालयातली मावशी, म्हणजे आया, बहुधा त्याच गल्लीतली, कधी भावकीतलीच असते आणि तिच्यासमोर उघडे व्हायला रुग्णाची तयारी नसते. तेव्हा "या मावशी थांबल्या तर चालतील ना?" हा प्रश्न मावशी खोलीबाहेर असतानाच विचारावा. जत किंवा अथणीकडून आलेली, फक्त कानडी बोलणारी रुग्ण असेल तर दुभाषी आणि शॅपरोन ही दोन कामे शक्यतो दोघींकडे द्यावीत, कारण भाषांतर करणारीचे सगळे लक्ष तोंडांकडे असते, हातांकडे नसते.

रुग्णाने शॅपरोन नको म्हटले, तर तो तिचा अधिकार आहे. 'शॅपरोन देऊ केली, रुग्णाने नाकारली' असे वेळेसह लिहा. तरीही तुम्हाला एकट्याने तपासणे योग्य वाटत नसेल तर तसे सौजन्याने सांगून स्त्री डॉक्टरकडे पाठवा, मात्र त्या विलंबाने तिच्या प्रकृतीला धोका होणार नाही याची आधी खात्री करा. शॅपरोन हजर असेल तर नुसते 'सिस्टर' न लिहिता पूर्ण नाव, हुद्दा आणि वेळ लिहा. ओपीडीचा केसपेपर बहुतेक ठिकाणी रुग्णाबरोबर घरी जातो आणि तक्रार आली की नेमका तोच आपल्या हाताशी नसतो. म्हणून हीच नोंद रुग्णालयात राहणाऱ्या रजिस्टरमध्येही करावी. दाखल रुग्णांची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपावी लागतात आणि मागणी आल्यास बहात्तर तासांत द्यावी लागतात, हे डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत आहेच. तेव्हा आज घाईत लिहिलेली ओळ तुमच्या गैरहजेरीत दुसरे कोणी वाचणार आहे, हे धरून लिहा.

आणीबाणीत मात्र यातले काहीही आडवे येऊ देऊ नका. रक्तस्राव होत असलेल्या, श्वास अडकलेल्या किंवा झटके येत असलेल्या बाईजवळ सिस्टरची वाट बघत उभे राहणे हा सरळ गुन्हा ठरेल. हात घाला, हाका मारत राहा, आणि 'आणीबाणीमुळे शॅपरोनशिवाय तपासणी सुरू केली, अमुक वाजता सिस्टर आल्या' असे नंतर लिहा. अशा नोंदीमुळे कोणी अडचणीत आल्याचे मी पाहिलेले नाही. नव्या डॉक्टरांपैकी काही जण हे सगळे वाचून इतके धास्तावतात की स्त्री रुग्णाच्या पोटालाही हात लावत नाहीत आणि थेट सोनोग्राफी लिहून मोकळे होतात. ही त्याहून वाईट गोष्ट आहे. फुटायला आलेले अपेंडिक्स हाताला कळते, आणि न तपासलेल्या बाईवर झालेला अन्याय कोणत्याही तक्रारीत नोंदला जात नाही. नीट विचारून, नीट झाकून केलेली तपासणी बहुतेक बायकांना आवडते, असे माझे निरीक्षण आहे. "एवढं इचारून कुणी तपासलं न्हवतं," असे मला एका म्हातारीने सांगितलेले आहे.

स्त्री इंटर्न डॉक्टरांना हे प्रकरण आपले नाही असे वाटते. ते तसे नाही. पुरुष रुग्णाला कॅथेटर (लघवीची नळी) घालताना किंवा हायड्रोसील (अंडकोशात साठलेले पाणी) तपासताना वॉर्डातल्या मामांना (पुरुष मदतनिसांना) किंवा ब्रदरना (पुरुष परिचारकांना) सोबत घ्या. त्यालाही लाज असते आणि तुम्हालाही सुरक्षितता हवी असते. तृतीयपंथी रुग्णाच्या बाबतीत आपण अंदाज बांधू नये. सोबत कोण असलेले चालेल, हे त्यांनाच विचारावे.

आरएमओची नोकरी स्वीकारताना पगाराबरोबर तीन गोष्टी विचारून घ्या : रात्रपाळीला मजल्यावर किती सिस्टर असतात, ईसीजी कोण काढते, आणि शॅपरोनची नोंद कोणत्या रजिस्टरमध्ये होते. सुधारित शुश्रूषागृह नियमांमुळे २०२१ पासून महाराष्ट्रातल्या खासगी रुग्णालयांना रुग्ण हक्क सनद दर्शनी भागात लावावी लागते, तेव्हा मुलाखतीला गेल्यावर स्वागतकक्षातला तो फलक वाचा आणि त्यातली स्त्री रुग्णाविषयीची ओळ दाखवूनच हे प्रश्न विचारा. तिसऱ्या प्रश्नाला व्यवस्थापक हसले, तर मिरजेत दुसरी रुग्णालये आहेत.