निंबोळ्या वेचून ठेवा, घरच्या वाडीतल्या वांग्या-भेंडीसाठी

निंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडलाय, पाऊस लागला की सडून जातील, म्हणून आधी तेच सांगतो, घरच्या भाजीवरच्या किडीसाठी त्यांचाच अर्क करायचाय, याच आठवड्यात लेकरांना घेऊन टोपलंभर तरी वेचून घ्या. गर चोळून धुवून काढा, सावलीत खडखडीत वाळवा आणि तरटाच्या पोत्यात भरा, प्लॅस्टिकच्या थैलीत नको, ओल राहिली तर बुरशी लागते.

पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारा मारला की पंपात उरलेलं औषध बरेच जण घरामागच्या भेंडीवर मारून टाकतात, वाया कशाला घालवायचं म्हणून, आणि तीच भेंडी दोन दिवसात ताटात येते. 2017 मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 च्या वर शेतकरी-मजूर गेले, कोणी विसरलं नसेल. जिथं लेकरं टमाटे तोडून तशीच खातात तिथं तो पंप नेऊच नका, हात जोडून सांगतो.

अर्क करणं सोपं आहे. वाळलेल्या निंबोळ्या अर्धा किलो, खलबत्त्यात भरड कुटायच्या, अर्ध्या बादली पाण्यात रातभर भिजत ठेवायच्या, सकाळी जुन्या लुगड्याच्या फडक्यातून दोनदा गाळायचं, त्यात 20 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून घालायचा म्हणजे पानाला धरतं, मग पाणी घालून एकूण 10 लिटर करायचं. झाला 5 टक्के अर्क. त्याच दिवशी वापरा, आणि ऊन उतरल्यावर मारा, उन्हात त्याचा जोर जातो. पानाच्या खालून मारायला विसरू नका. किडे लगेच मरून पडतील असं समजू नका, याच्यानं त्यांचं खाणं सुटतं, अळी कात टाकू शकत नाही, त्यामुळे 8-10 दिवसांनी परत मारावं लागतं. दशपर्णी अर्क, म्हणजे दहा झाडांच्या पाल्याचा, तोही चांगला, पण त्याला महिना लागतो, चार-सहा झाडांसाठी एवढा खटाटोप मला तरी जास्त वाटतो.

मारायच्या आधी पान उलटून बघा जरा. बारीक हिरवा-काळा मावा, म्हणजे रस शोषणारी कीड, चिकटलेला दिसेल, वर मुंग्यांची रांग, त्या माव्यानं सोडलेल्या गोड चिकट्यासाठी येतात आणि माव्याची राखण करतात. त्यातच एखादी काळपट, लांबोडकी, नारिंगी ठिपक्यांची अळी फिरताना दिसली तर चिरडू नका, ती लेडीबर्ड नावाच्या ठिपकेदार मित्रकिड्याची पिल्लं, मावा खाऊन तीच मोठी होतात. अशी चार-पाच दिसली तर मी फवारतच नाही, नुसती पाण्याची जोरात धार मारून मावा खाली पाडतो.

वांग्याचा शेंडा मान टाकून वाळलेला दिसला की आत अळी आहे, बोटभर खालून तोडा आणि जाळा, तिथंच टाकला तर काही उपयोग नाही, अळी निघून दुसऱ्या झाडावर जाते.

पांढऱ्या माशीसाठी तेलाच्या पिप्याचा पत्रा पिवळा रंगवून एरंडीचं तेल चोपडा, झाडाच्या उंचीला टांगा. दोडक्या-काकडीच्या वेलावर लाल भुंगे आले तर सकाळी दवात चुलीची चाळलेली राख भुरभुरा, पावसानं धुतली की परत. टमाट्याच्या कडेनं झेंडू लावा, फळ पोखरणारी अळी अंडी घालायला त्याच्यावर जाते.

तंबाखूचं पाणी मात्र मारू नका, घरचं असलं तरी ते विषच आहे.

आणि अर्क गाळून उरलेला चोथा फेकू नका, वांग्याच्या बुडाशी मातीत मिसळून द्या.