एसडीबीच्या जागी साधी फाइल

लिनक्सवर एक्स्टर्नल ड्राइव्ह लावला, डीमेसेजमध्ये (कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या नोंदींत) नाव आलं, एलएसबीएलकेमध्ये (डिस्कच्या यादीत) १ टीबीची एसडीबी दिसली; लिनक्स दुसऱ्या डिस्कला सहसा हेच नाव देतं. माउंट करायला (आतल्या फाइल उघडता याव्यात म्हणून जोडायला) गेलो तर ‘हे ब्लॉक डिव्हाइस नाही’, म्हणजे ही डिस्कच नाही. पहिली नोकरी, रात्रीचे साडेदहा आणि ऑफिसचा बॅकअप त्याच ड्राइव्हवर. (डीमेसेजच कोरा असेल तर आधी केबल बदला, पुढचं नंतर वाचा.)

आमच्या सीनियरचा सल्ला: फॉरमॅट मार. असा सल्ला देणाऱ्याला चहा पाजा, पण कीबोर्ड देऊ नका.

मी कुठे फसलो ते नीट सांगतो. दुपारी पेनड्राइव्हवर आयएसओ (अख्ख्या डिस्कची प्रत असलेली फाइल) लिहिताना पेनड्राइव्ह न लावताच डीडी (जशीच्या तशी प्रत लिहिणारी कमांड) चालवलं, आउटपुट एसडीबी. एसडीबी नावाचं काही नव्हतंच, म्हणून डीडीने डेव्ह फोल्डरमध्ये (साधनांच्या नावांचा, रॅममध्ये राहणारा फोल्डर) त्या नावाची साधी फाइल बनवली, तीही रॅममध्ये. ‘आज भलतंच पटकन झालं’ म्हणून मी खूशही झालो! रात्री खरा ड्राइव्ह आला तेव्हा नाव आधीच अडलेलं, त्यामुळे कर्नलला आपला नोड (ड्राइव्हकडे नेणारी डेव्हमधली खास फाइल) बनवता आला नाही. एलएसबीएलके डेव्हमधून नाही, सिसएफएसमधून (कर्नलने मांडलेल्या साधनांच्या माहितीतून) वाचतं, म्हणून तिथे सगळं आलबेल. डेव्हमधल्या एसडीबीवर एलएस-एल (फाइलची माहिती दाखवणारी कमांड) करून ओळीचं पहिलं अक्षर बघा: ‘बी’ हवं, म्हणजे ब्लॉक डिव्हाइस. माझ्याकडे आडवी रेघ होती, म्हणजे साधी फाइल.

ती फाइल आरएम कमांडने उडवा, मग ड्राइव्ह काढून परत लावा. आधी नुसता काढून लावला तर उपयोग नाही, कारण कर्नल फक्त स्वतः बनवलेला नोड काढतो. यूडेव्हअ‍ॅडम ट्रिगर (साधनांची व्यवस्था बघणाऱ्या यूडेव्हला पुन्हा हलवणारी कमांड) मी दहादा मारलं असेल, वाया गेलं. २०१२ पासून यूडेव्ह नोड बनवतच नाही, ते काम कर्नलच्याच डेव्हटीएमपीएफएसचं (डेव्ह फोल्डरमागची रॅममधली फाइलसिस्टिम). रीस्टार्टनेही सुटतं, त्यात कमीपणा नाही.

ड्राइव्ह हलवता येत नसेल तरच फाइल उडवून एमकेनॉड (हाताने नोड बनवणारी कमांड). कोणतं साधन ते सांगणारे दोन आकडे तिला द्यावे लागतात; ते पाठ करून टाकू नका, सिसएफएसमधल्या त्या डिस्कच्या ‘डेव्ह’ फाइलमधून वाचा. एसडीबीचे सहसा ८ आणि १६, तिच्या पहिल्या पार्टिशनचे ८ आणि १७. चुकून ८ आणि ० दिलंत तर नाव एसडीबी, पण हात एसडीएवर, म्हणजे बहुतेक तुमच्या सिस्टिमच्याच डिस्कवर. तिथे डीडी चालवलं तर मी काय, कुणीच वाचवणार नाही.

घाबरू नका, नोड गेला म्हणून डेटा जात नाही. माझा बॅकअप साडेबाराला जसाच्या तसा उघडला. सीनियर तोवर घरी गेले होते.